घंटी थांबली की समजायचं

आमच्या घरी सायकल आली त्या दिवशी आईने टीव्ही म्यूट केला. सिरीयल चालू असताना टीव्ही म्यूट होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही, याआधी धाकट्या भावाने फोन करून आता अमेरिकेतच राहणार म्हणून सांगितलं तेव्हा झाला होता. तर म्यूट करून, चष्मा लावून तिने सायकलीभोवती एक अख्खी चक्कर मारली आणि विचारलं, "स्टँड कुठाय?"

"नसतो याला."

"मडगार्ड?"

"नसतं."

"कॅरिअर? चेनकव्हर? दिवा?"

मी नुसती मान हलवत राहिलो.

"घंटीपण नाही? मग त्याने एवढे पैसे घेतले कशाचे रे?"

आता हे आईला समजवायचं कसं. माउंटन बाईकचा हिशोबच उलटा असतो. जितक्या वस्तू कमी तितकी सायकल महाग. पेडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांच्या दोन केल्या की किंमत वाढते, दोनाची एक केली की अजून वाढते, आणि सायकलीचं वजन किलोभर कमी झालं की तुमचा खिसापण त्याच प्रमाणात हलका होतो. मी तिला डिस्क ब्रेक दाखवले, पुढचा शंभर मिलिमीटर दबणारा शॉकअप दोन्ही हातांनी दाबून दाखवला, एकोणतीस इंची चाकं दाखवली. ती म्हणाली, "ते सगळं असू दे, पण ही उभी कशाला टेकवायची? सोफ्याला? कव्हर कालच धुतलंय."

बायको काहीच बोलली नाही. किमतीचा आकडा मी घरात मोघम ठेवला होता, म्हणजे "पडली जरा महाग" एवढाच, पण कार्डाचा मेसेज तिच्याही मोबाईलवर जातो हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलेलं. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी दुपारी दोन माणसं सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल घेऊन दारात उभी. मीपण काही बोललो नाही. टेबल हॉलमध्ये लागलं आणि सायकल टेबल आणि सोफ्याच्या मधल्या फटीत गेली, त्यामुळे आता जेवताना माझ्या बरगडीत एक पेडल असतं.

आईच्या बोलण्याला वजन होतं कारण ती स्वतः सायकलवाली. १९७१ पासून सदाशिव पेठेतून खडकीला नोकरीला, रोज, साडी नेसून. लेडीज सायकल, पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, हँडलला डब्याची पिशवी आणि पावसाळ्यात एका हातात छत्री. ७२ साली लूना आली आणि मग हळूहळू सगळं पुणं पायडल मारायचं विसरलं, आई मात्र ८८ पर्यंत सायकलवरच होती. हेल्मेट नाही, ग्लोव्हज नाहीत, हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ नाही. एकदा मी तिला अभिमानाने सांगितलं की आज मी चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो, माझा हार्ट रेट एकशे बहात्तर गेला होता. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखव."

त्याच रात्री तिने मला माळ्यावर चढवलं. पेढ्यांच्या जुन्या डब्यात किल्ल्या, तुटके हेअरपिन आणि कुठल्याच यंत्राला न बसणारे स्क्रू यांच्या तळाशी तिच्या सायकलीची घंटी निघाली. सायकल कधीच भंगारात गेली, घंटी तिने काढून ठेवली होती. पितळी, चांगली वाटीएवढी. चिंच लावून घासली तर अशी चमकली की देव्हाऱ्यातली भांडी मळकी दिसायला लागली. "बसव," आई म्हणाली. मी म्हणलं अगं आई, त्या हँडलची साईज वेगळी असते. बघितलं तर मधे वेगळी असते, पण ग्रिपच्या बाजूला नव्या हँडलची जाडी जुन्या सायकलीएवढीच निघाली. घंटी मापाची बसली. तिथेच मी अडकलो, नसती बसली तर हा लेखच लिहायची वेळ आली नसती.

आता हा सगळा घाट का घातला ते सांगतो. आम्ही चौघं पॉलिटेक्निकचे. जाड्या, मास्तर, बापू आणि मी म्हणजे पम्या. जाड्या तेव्हा खरोखर जाड होता, चाळिशीत त्याला काय झालं कोण जाणे, आता दोन मॅरेथॉन पळून झाल्यात आणि पायाच्या पोटरीत कालवणाचं वांगं असावं असा गोळा आलाय, पण नाव काही बदललं नाही, त्यामुळे आम्ही हॉटेलात "जाड्या, काय घेतोस" म्हणलं की वेटर आमच्यातला जाड्या शोधतो आणि माझ्याकडे बघतो. मास्तर आयटीत. तो सहलीचं एक्सेल करतो, त्यात 'आकस्मिक' असा एक कॉलम असतो आणि त्या कॉलममधलंपण वेळेवर व्हायला हवं असा त्याचा आग्रह असतो. बापूचं हार्डवेअरचं दुकान. त्याला सायकलिंगमध्ये काडीचाही रस नाही, पण आम्ही तिघं जातोय म्हटल्यावर तो यायचाच.

जायचं ठरलं राजमाचीला. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून आत शिरलं की पंधराएक किलोमीटरचा कच्चा रस्ता उधेवाडीपर्यंत जातो. तिथे राजमाचीच्या पायथ्याशी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. कॉलेजात असताना हाच रस्ता आम्ही रात्री चालत, गाणी म्हणत गेलो होतो, एकाच टॉर्चवर, आणि मास्तरच्या मते त्यामुळे आपल्याला 'रूटची आयडिया' होती. पंचवीस वर्षांपूर्वी अंधारात बघितलेल्या रस्त्याची.

पॅडवाल्या चड्डीचं प्रकरण मधेच सांगायला हवं. लांब सायकल चालवायची तर खाली जाड पॅड शिवलेली घट्ट काळी चड्डी लागते, आणि तिच्या आत काही घालायचं नसतं, शिवण घासते म्हणून. ही माहिती जाड्याने ग्रुपवर टाकली आणि पुढचे दोन दिवस चार मुलाबाळांचे बाप याच विषयावर बोलत होते. चड्डी आली, धुतली, गॅलरीत दोरीवर गेली. आईने ती खालून दाबून बघितली. "याला उशी कोणी शिवलीय?" मी जरा कारण वगैरे सांगायला लागलो तर म्हणाली, "आमच्या सीटला स्प्रिंगा होत्या." झालं, विषय संपला. मुलगी नववीत आहे, तिचा प्रश्न वेगळा होता. "बाबा, तू हे घालून लिफ्टने खाली जाणारेस? आपल्या लिफ्टने?" मी हो म्हणलं तर तिने तेवढ्यासाठी शनिवारी सकाळचा क्लास लवकरचा घेतला, म्हणजे आम्ही एका वेळी खाली उतरायला नको. मग कळलं की मी चारलाच निघणार आहे, तर पुन्हा बदलून घेतला.

परवानगी मिळाली पण तारखेने घात केला. तुळशीचं लग्न झालं की आमच्या नातेवाइकांत केळवणांची साथ येते. बायकोच्या मामेबहिणीच्या मुलीचं केळवण आमच्याकडे, रविवारी संध्याकाळी, अठरा माणसं. मी म्हणलं आम्ही रविवारी दुपारी चारपर्यंत घरी, मास्तरच्या एक्सेलमध्ये तसं आहे. बायको म्हणाली, "जा की. मी कुठे नको म्हणतेय." एवढं बोलून तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली, चुंबकाखाली, दुधाच्या हिशोबाशेजारी. 'शनिवार: चिक्की, २ किलो, लोणावळा. रविवार ६ वाजता: हजर, आंघोळ झालेला, झब्ब्यात.' जिवंत असावं असं काही लिहिलेलं नव्हतं, पण ते त्यात आलंच.

शनिवारी पहाटे मी चोरासारखा उठलो. सगळी तयारी हॉलमध्ये रात्रीच करून ठेवलेली, म्हणजे कोणाची झोपमोड नको. सायकल फटीतून ओढली आणि पेडल खुर्चीला लागून सायकल हलली आणि घंटी वाजली. म्हणजे नुसती वाजली नाही. आत्ताच्या घंट्या टिंग करतात, हिच्या आत चक्र आहे, ही वाजायला लागली की तिचं ती ठरवते कधी थांबायचं. आतून बायकोचा आवाज, "दार लावून घे." मुलीचा आवाज, "बाबाSSS." आई आधीच जागी होती, तिने ओट्यावर दशम्या बांधून ठेवल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी लावून. मी म्हणलं आई, आमच्याकडे एनर्जी जेल आहेत. तिने ते पाकीट हातात घेऊन वाचलं, परत दिलं आणि दशम्या सॅकमध्ये कोंबल्या.

बापू दुकानाचा छोटा हत्ती घेऊन आला होता. मास्तरची सायकल कार्बनची आहे, तिची किंमत मी इथे लिहीत नाही कारण मास्तरची बायको हे वाचू शकते. ती सायकल बापूने काथ्याने बांधून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर आडवी टाकली तेव्हा मास्तरचा चेहरा बघण्यासारखा झाला, पोरीची पाठवणी करतोय असा. बापूची स्वतःची सायकल म्हणजे त्याच्या पोराची, पोरगं अकरावीत, त्यावर ज्वाळांचे स्टिकर आणि सीटखाली टूलकिट म्हणून बापूने दुकानातून उचललेलं जे दिसेल ते, पक्कड, पाना, बाइंडिंग वायर, सुतळी आणि का कोण जाणे अर्धा इंची नळाची चावी.

लोणावळ्यात गाड्या लावल्या, पहिलंच उघडं दुकान बघून मी दोन किलो चिक्की घेतली. जाड्या म्हणाला अरे येताना घे. पण येताना विसरलो तर घरी काय होईल ते जाड्याला माहीत नाही, त्याच्या बायकोला साखर चालत नाही.

सुरुवातीला डांबर आहे. तेवढा वेळ आम्ही पोस्टरवरच्यासारखे दिसत होतो. मग डांबर संपतं, मग खडी संपते, मग नुसते गोटे लागतात, नारळाएवढे, सुटे, आणि मधेमधे पावसाच्या ओघळांनी कापलेल्या चऱ्या. नोव्हेंबर होता, गवत सोनेरी झालेलं, डावीउजवीकडे जंगल, हवा अशी की श्वास घेतला तर दाताला गार लागते, आणि यातलं मी काही बघितलं नाही कारण मी गोट्यांकडे बघत होतो. जाड्याने शिकवलं होतं की उतारावर पार्श्वभाग सीटच्या मागे न्यायचा, दोन्ही पेडल आडवी, गुडघे सैल, आणि नजर लांब, जिथे जायचंय तिथे. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल. हे खरं आहे, मी प्रत्येक दगडावर करून बघितलं.

आणि घंटी. खराब रस्त्यावर घंटी आपोआप वाजते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक गोट्याला ट्रिंग. पंधरा किलोमीटरमध्ये गोटे किती असतील याचा हिशोब तुम्हीच करा. पहिल्या दहा मिनिटांत जाड्या थांबून ओरडला, "काढ ती घंटी! एक पाखरू राहिलं नाही जंगलात!" बापूकडे पक्कड होती, पण बापू काढू देईना. "काकूंनी दिलीय ना, राहू दे." बापूने आमच्या घरी पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांत जितक्या पोळ्या खाल्ल्यात तितक्या मी खाल्लेल्या नाहीत, त्यामुळे या बाबतीत त्याचं मत बदलत नाही.

तर मी सगळ्यात मागे. वळणावळणाची वाट, पुढचे दिसत नाहीत. मी पडलो पहिल्यांदा एका चरीत, चाक आडवं गेलं, सायकल एकीकडे, मी दुसरीकडे, फार काही नाही, कोपर. उठून धूळ झटकतोय तोवर तिघंही परत मागे आलेले. मी म्हणलं तुम्हाला कसं कळलं? मास्तर म्हणाला, "घंटी थांबली."

तिथून ही सिस्टिमच झाली. घंटी वाजतेय तोवर पम्या चालू आहे, घंटी थांबली की समजायचं पम्या पडला. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा मी पडलो नव्हतो, करवंदीच्या जाळीमागे जरा उभा होतो, ते कपडे त्या कामासाठी किती गैरसोयीचे असतात ते ज्याने घातलेत त्यालाच कळेल, तर मी अशा अवस्थेत असताना जाड्या फर्स्ट एडची पेटी उघडून धावत आला.

मग म्हैस. एका लांब उतारावर मी पहिल्यांदा छान लयीत आलो होतो, पार्श्वभाग मागे, गुडघे सैल, आणि नजर पण लांब. पण लांबवर रस्त्यात म्हशी होत्या, सात-आठ, संथ. जिकडे बघाल तिकडे जाल हा नियम म्हशीलाही लागू असतो. मी डावीकडची जागा बघायचं ठरवलं आणि बघितलं म्हशीकडे. मग घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला. डिस्क ब्रेकचा गुण असा की तो खरोखर लागतो. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, बाकी सगळं, म्हणजे मी, हँडलवरून पुढे गेलो आणि पाठीवर पडलो. पाठीवर सॅक होती म्हणून वाचलो. सॅकमध्ये चिक्की होती. तिचा कडाड असा आवाज झाला तो आधी मला माझाच वाटला.

म्हशीने मान वळवून बघितलं आणि चरायला लागली. मागून एक आजोबा काठी टेकत आले. त्यांनी मला बघितलं, सायकल बघितली, घंटीकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "घंटी हाय की. मंग वाजवली का न्हाई?"

खरंच, आपोआप वाजणाऱ्या घंटीची एकदा हाताने वाजवायची वेळ आली आणि मी वाजवली नाही. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पुढे ओढा लागला, घोट्याएवढं पाणी, आणि तिथे मास्तरची कार्बन गेली. एक वाळकी काटकी मागच्या गिअरच्या यंत्रात अडकली आणि खट्. गिअरचं ते यंत्र फ्रेमला ज्या ॲल्युमिनियमच्या छोट्या तुकड्याने लटकलेलं असतं त्याला हँगर म्हणतात, आणि तो मुद्दाम नाजूक करतात, म्हणजे दणका बसला तर तो तुटावा आणि महागडी फ्रेम वाचावी. तो इमानेइतबारे तुटला. बहुतेक सायकलींचे हँगर वेगवेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला सहसा चालत नाही. मास्तरकडे सगळं सुटं सामान होतं, टायर लिव्हर, ट्यूब, पॅच, दोन प्रकारचं तेल, फक्त एक हँगर नव्हता, आकस्मिकच्या कॉलममध्येपण नव्हता. तो ओढ्यात उभा राहून मोबाईलची रेंज शोधायला लागला. कोणाला फोन करणार होता देव जाणे.

बापू खाली बसला. मास्तरच्याच मल्टिटूलने त्याने साखळी तोडली, गिअरचं यंत्र काढून बाइंडिंग वायरने बाजूला बांधून टाकलं, साखळी सरळ मधल्या एका चकतीवरून ओढून मापाने छोटी केली आणि जोडली. वीस मिनिटं. "चालव," म्हणाला. बारा गिअरची सायकल एका गिअरची झाली, आईच्या सायकलीसारखी. मास्तर काही बोलला नाही, पण दोन चढ दात खाऊन चढल्यावर तो थांबून मला म्हणाला, "काकू खडकीला रोज जायच्या? रोज?"

दुपारी एनर्जी जेल उघडले. चव साधारण लहान मुलांच्या टूथपेस्टसारखी, त्यात मीठ टाकलेलं. मग दशम्या निघाल्या. जाड्या सध्या धान्य खात नाही. त्याने तीन खाल्ल्या.

उधेवाडीत ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या ओटीवर आडवे झालो ते संध्याकाळपर्यंत. रात्री पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. जेवण झाल्यावर पूर्वी या वेळी आमच्यात काय काय निघायचं ते इथे लिहीत नाही, या वेळी चार गोळ्यांच्या डब्या निघाल्या. बीपी, बीपी, शुगर, ॲसिडिटी. जाड्याला वाटलं होतं की त्याला एकट्यालाच बीपी आहे, एवढं पळून, म्हणून तो हळूच पाठ करून घेत होता. मास्तर म्हणाला, अरे इकडे बघून घे, माझी तुझ्यापेक्षा दुप्पट पॉवरची आहे. मग कितीतरी वेळ आम्ही हसत होतो, हसताना माझी बरगडी दुखत होती आणि ती म्हशीमुळे की टेबलजवळच्या पेडलमुळे ते कळत नव्हतं. बापूने सांगितलं की त्याचं पोरगं बारावीनंतर दुकानात बसणार नाही म्हणतंय. यावर कोणीच काही बोललं नाही, मास्तरने नुसतं त्याच्या हातात एक चिक्कीचा तुकडा दिला. तुकडाच होता, सॅकमध्ये सगळे तुकडेच होते.

रेंज एका ठराविक दगडावर उभं राहिलं की येत होती. तिथे रांग. मी बायकोला फोन केला, सगळं मस्त चाललंय म्हणालो. ती म्हणाली, "चिक्की घेतलीस?" घेतली म्हणलं. "मोडू नको." मी म्हणलं आवाज तुटतोय तुझा.

पहाटे श्रीवर्धनवर गेलो. राजमाचीला दोन बालेकिल्ले आहेत, श्रीवर्धन उंच आणि मनरंजन जरा बुटका, मधे भैरवनाथाचं देऊळ. जोड्यात एक उंच आणि एक बुटका असला की तो बुटका उगाच बिचारा वाटतो, म्हणून आम्ही कॉलेजात मनरंजनवर आधी जायचो, आता गुडघ्यांनी एकच परवानगी दिली. वर धाप लागलेल्या अवस्थेत मास्तरने इतिहास सांगितला, बोरघाटातून जाणाऱ्या व्यापारी वाटेवर नजर ठेवायला हा किल्ला, १६५७ मध्ये महाराजांनी घेतला, आणि वाक्यावाक्याला थांबत होता ते आदराने की दमाने ते त्यालाच माहीत. समोर नागफणीचं टोक उजळत होतं, खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात धुकं भरलेलं. बापू एकटाच कड्यापासून लांब बसला होता आणि म्हणाला, "सायकलीशिवाय किती छान वाटतंय रे."

परत येताना जे व्हायचं ते झालं. चढ जास्त, मास्तर एका गिअरवर, म्हणजे बराचसा पायी. मी दोनदाच पडलो पण दुसऱ्यांदा करवंदीच्या जाळीत, आणि उठताना मागच्या बाजूला टर्रर्र असा आवाज आला. हात लावून बघितलं. पॅड शाबूत होतं, पण त्याच्या डावीकडे जी काही शिवण असते ती नव्हती, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या चड्डीच्या आत काही घालायचं नसतं. मी जर्किन कमरेला बांधलं. लोणावळ्यात पोचलो तर तीन वाजलेले, रविवार, आणि सगळी मुंबई-पुणं एकदम घरी निघालेलं. छोट्या हत्तीत बसून मी घड्याळ बघत होतो. सहा वाजले तेव्हा आम्ही तळेगावाजवळ होतो. बायकोचा फोन आला नाही. हे जास्त वाईट होतं.

सात वीसला बापूने मला सोसायटीच्या गेटवर उतरवलं. ट्रक हलल्यावर लक्षात आलं की जर्किन ट्रकमध्येच राहिलं. खाली पार्किंगमध्ये ओळखीच्या चार गाड्या, लिफ्टपाशी बायकोची मामी, दोन मावश्या आणि ताटावर रुमाल घातलेलं कुणीतरी. म्हणून मी मागच्या बाजूने जिना धरला. डोक्यात बेत होता, हळूच वर जायचं, दार उघडंच असेल, पाहुणे हॉलमध्ये, मी पॅसेजमधून सरळ बाथरूममध्ये, दहा मिनिटांत झब्बा. सायकल खांद्यावर घेतली. चौदा किलो. गुडघा सुजलेला. पहिली पायरी.

ट्रिंग.

हाताने धरावी तर सायकल सुटते, सायकल धरावी तर घंटी वाजते. रुमाल कोंबायचा तर रुमाल तेव्हा वेगळ्या ठिकाणी कामाला लावला होता. एकेक पायरी, ट्रिंग, ट्रिंग. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं आणि दोन पोरं हातात दहाच्या नोटा घेऊन बाहेर आली. मला बघून मोठं पोरगं आत ओरडलं, "आई, कुल्फीवाला नाहीये, चौथ्या मजल्यावरचे काका आहेत." मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. त्यांचं दार बंद होईपर्यंत हलता येईना.

वरचं सगळं मला नंतर मुलीने सांगितलं. वर केळवणाच्या पंगतीची तयारी चालू होती, त्या सहा खुर्च्यांच्या टेबलावर, नवरीमुलगी मधे, बायको सगळ्यांना सांगत होती की हे ट्रॅफिकमध्ये अडकलेत, आणि आई सोफ्यावर बसलेली. जिन्यातून बारीक ट्रिंग ऐकू आलं तसा आईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, "आला." मग कान देऊन बसली. "पहिला मजला झाला... दुसरा..." मग आवाज थांबला. कुणी काही बोलेना. "थांबलाय," आई म्हणाली. मामींनी विचारलं, काय झालं असेल? "काही नाही, दमला असेल," आणि सुनेला म्हणाली, "जिन्यातला दिवा लाव, त्याला दिसत नसेल."

म्हणून मी चौथ्या मजल्यावर वळलो तेव्हा दिवा लख्ख लागलेला, दार सताड उघडं, आणि दारात अठरा माणसं, पैठण्या, गजरे, एक छोटं पोरगं मोबाईल घेऊन शूटिंग करतंय. मी डोक्यापासून पायापर्यंत तांबडा, खांद्यावर सायकल, पाठीवर दोन किलो चिक्कीचा चुरा. बायकोने आधी माझा गुडघा बघितला, मग घड्याळ बघितलं.

"या या, आत या ना," मामी म्हणाल्या आणि बाजूला झाल्या, म्हणजे मी त्यांच्या पुढून जावं.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणलं. पाठ भिंतीला लावूनच.

"अहो तुमचं घर आहे, तुम्ही आधी."

"नाही नाही, पाहुणे आधी."

असं बराच वेळ चाललं. शेवटी आई काठी टेकत दारापर्यंत आली, गर्दीतून वाट काढून माझ्याजवळ आली, चष्मा वर सरकवून घंटीकडे वाकून बघितलं, तिच्यावर अंगठा फिरवला.

"पोचा आलाय," ती म्हणाली. मग आवाज न वाढवता, फक्त मला ऐकू येईल असं, "बाळ, आता भिंतीला धरून आडवाच चाल. मी मागे उभी राहते."